एक सिलिंडर, एक दांडा आणि तरीही आलिशान? पॅकार्डच्या पहिल्यावहिल्या गाड्यांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पॅकार्ड म्हटलं की संस्थानिकांच्या लांबलचक, आठ नाहीतर बारा सिलिंडरच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. पण कंपनीच्या पहिल्या गाडीचा फोटो पाहिला तर टांग्याचे घोडे सोडून खाली इंजिन अडकवल्यासारखं दिसतं. एक सिलिंडर, मागच्या चाकांना साखळी, वळवायला चक्क दांडा. हिला आलिशान का म्हणायचं? आणि ही कंपनी भांडणातून निघाली म्हणतात, ते खरं का?"

आधी एक कबुली देतो. मी कोल्हापुरात तीसेक वर्षं जुन्या गाड्या खोलतोय आणि जोडतोय. पॅकार्ड म्हणाल तर 1930 च्या दशकातली आठ सिलिंडरची एक गाडी हाताखालून गेली. 1899 ची गाडी मी खोललेली नाही, आपल्याकडे ती असण्याचा प्रश्नच नाही. पण त्या काळची यंत्रं कशी वागायची हे समजायला तीच गाडी हाताशी हवी असं नाही. एका सिलिंडरचं मोठं इंजिन काय असतं, हे पश्चिम महाराष्ट्रात विहिरीवर वाढलेल्या माणसाला सांगायला लागत नाही.

भांडणाची गोष्ट मुळात खरी आहे, संवादाला मात्र मागाहून फोडणी दिलेली आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वॉरन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि त्याचा थोरला भाऊ विल्यम डाउड पॅकार्ड यांचा विजेच्या सामानाचा कारखाना होता. दिवे, ट्रान्सफॉर्मर असला माल. कारखाना 1890 पासूनचा, बऱ्यापैकी चाललेला. म्हणजे पोटासाठी गाड्या काढायची या भावांना काही गरज नव्हती. वॉर्ड लीहाय विद्यापीठातून शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. मोटारगाडीचं वेड त्याच्या डोक्यात आधीपासून होतंच. 1898 च्या ऑगस्टमध्ये तो क्लीव्हलँडला गेला आणि अलेक्झांडर विन्टनच्या कारखान्यातून नवी कोरी गाडी घेऊन घरी निघाला. अंतर आपल्या कोल्हापूर-कराडपेक्षा थोडं जास्त धरा. गाडी वाटेत इतक्यांदा बंद पडली की शेवटी घोडे जुंपून घरी ओढत आणावी लागली.

पुढेही गाडी त्रास देतच राहिली. वॉर्डने तक्रारी केल्या, सुधारणा सुचवल्या. विन्टन स्वभावाने तापट. "एवढं कळतं तर स्वतःच बनवा की," अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला म्हणतात. नेमके शब्द कुठले ते सोडून द्या, प्रत्येक जण आपापल्या पदरचे घालतो. पुढे काय झालं ते मात्र नोंदलेलं आहे. वॉर्डने विन्टनचीच दोन माणसं फोडली. एक जॉर्ज वाइस, विन्टनच्या कंपनीतला भागधारक. दुसरा विल्यम हॅचर, तिथल्या वर्कशॉपचा प्रमुख. फेरारीच्या गाडीबद्दल तक्रार करून शेवटी स्वतःचीच गाडी काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या लॅम्बोर्गिनीची गोष्ट लोक मिटक्या मारत सांगतात. हा त्याच्या साठेक वर्षं आधीचा किस्सा.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वॉर्ड पॅकार्ड कारखानदार व्हायच्या आधी गिऱ्हाईक होता, आणि पोळलेलं गिऱ्हाईक होता. रस्त्याच्या कडेला उभं राहून, हाताला ग्रीस लागलेलं, लोक बघून हसतायत, हे त्याने स्वतः भोगलेलं. त्यामुळे त्याच्या गाडीत जे जे चांगलं होतं ते सगळं एकाच जागी येऊन थांबतं: मालकाला घरापर्यंत पोचवायचं, आणि वाटेत त्याच्याकडून कमीत कमी हमाली करून घ्यायची. तुम्ही विचारता ती 'लक्झरी' 1899 मध्ये हीच होती. कातडी गाद्या, पितळी दिवे हे तर घोड्याच्या बग्गीतही मिळत होतं. गाडीने दर दोन मैलांवर मालकाला खाली उतरवू नये, ही चैन तेव्हा पैसे देऊनही सहज मिळत नव्हती.

6 नोव्हेंबर 1899 रोजी पहिली पॅकार्ड वॉरनच्या रस्त्यावर आली. तिला मॉडेल ए म्हणतात. अशा पाचच बनल्या. सीटखाली आडवं निजवलेलं एकच सिलिंडर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, साडेपाच इंच आणि स्ट्रोक, म्हणजे आतल्या दट्ट्याची (पिस्टनची) धाव, सहा इंच. हिशेब केला तर साधारण 2.3 लिटर भरतं. आणि ताकद? नऊ हॉर्सपॉवर! आज रस्त्यावरची शंभर सीसीची मोटारसायकल आठ देते. हसू नका. तेव्हाचं पेट्रोल यथातथा, कॉम्प्रेशन कमी, इंजिन सावकाश फिरणारं. उसाच्या मळ्यातलं जुनं डिझेल इंजिन आठवा, बाजूला जातं असावं तसं जड फ्लायव्हील आणि पाच हॉर्सपॉवरसाठी अख्खा चौथरा हलवणारी धडधड. मॉडेल ए त्याच वळणाची, फक्त चाकांवर ठेवलेली आणि पेट्रोलवर चालणारी. एक धक्का, मग फ्लायव्हीलच्या जोरावर पुढची दीड-दोन चक्रं, मग पुन्हा धक्का. अशा इंजिनाचा एक गुण असतो, कमी वेगातही ते चिवटपणे ओढत राहतं. चिखलात, चढाला, बैलगाडीच्या चाकोरीत हे कामाला येतं, आणि तेव्हाचे अमेरिकन ग्रामीण रस्ते म्हणजे चिखल, चढ आणि चाकोऱ्याच.

आता हिच्यातली खरी करामत. फोटोत ती दिसत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी कधी पाडायची हा मोठा नाजूक मामला आहे. मिश्रण पेटून त्याचा पूर्ण जोर यायला थोडा वेळ लागतो. इंजिन हळू फिरत असेल तर पिस्टन वर पोचता पोचता ठिणगी पाडली तरी चालतं. पण इंजिन जोरात फिरायला लागलं की पिस्टनला तेवढी सवड नसते, म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. गॅरेजच्या भाषेत 'अ‍ॅडव्हान्स' करावी लागते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत हे काम चालवणाऱ्याकडेच होतं. एका हाताशी छोटा दांडा असे. वेग वाढला की तो पुढे सारा, चढ लागला की मागे घ्या. कान सतत इंजिनाकडे. आणि सगळ्यात घातक म्हणजे सुरू करताना तो दांडा मागे घ्यायला विसरलात तर तुम्ही पुढे वाकून हँडल मारताय आणि पिस्टन वर यायच्या आधीच ठिणगी पडते. इंजिन उलटं फिरतं आणि ते लोखंडी हँडल तुमच्या मनगटावर बसतं. यात हाडं मोडायची. बटण दाबून इंजिन सुरू करायची विजेची सोय 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आली, तोवर सगळ्यांच्याच नशिबी हे हँडल होतं.

हे काय असतं ते मी अंगावर घेतलेलं आहे. उमेदवारीच्या दिवसांत साडेतीनशे सीसीच्या एका जुन्या मोटारसायकलचं टायमिंग मी लावलं आणि चुकीचं लावलं, जास्तच अ‍ॅडव्हान्स. पहिलीच किक उलटली. चप्पल उडून शेजारच्या पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या टाकीत पडली आणि मी आठवडाभर लंगडत होतो. आमचे उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं झाकण काढून आतली प्लेट उचलून दाखवली. खाली छोटी छोटी दोन वजनं, प्रत्येकाला बारीक स्प्रिंग. "हे बघ, इंजिन पळायला लागलं की ही वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी आपोआप पुढे जाते. इंजिन थांबलं की स्प्रिंग त्यांना जागेवर आणते. हे असताना तू कशाला शहाणपणा करतोस?"

ठिणगी इंजिनाच्या वेगाबरोबर आपोआप मागेपुढे व्हावी, ही सोय पहिल्या पॅकार्डमध्ये होती. 1899 साली! ज्या काळात बाकीचे ड्रायव्हर एक हात दांड्यावर ठेवून इंजिनाची नाडी बघत होते, त्या काळात या गाडीने ते काम स्वतःकडे घेतलं. माझ्या मते पॅकार्डची आलिशान गाडी इथे सुरू होते.

वॉर्डच्या स्वभावातच हे होतं. त्याला गुंतागुंतीच्या घड्याळांचा षोक होता. जिनिव्हाच्या पाटेक फिलिपकडून तो मुद्दाम घडवून घ्यायचा. 1927 साली त्याने घेतलेल्या खिशातल्या घड्याळात वॉरनच्या आकाशातले तारे, तिथला सूर्योदय-सूर्यास्त आणि लीप वर्षाचासुद्धा हिशेब ठेवणारी तारीख आहे. पुढच्याच वर्षी तो गेला. यंत्राने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, माणसाला आठवण ठेवायला लावू नये, ही आवड खिशातही होती आणि सीटखालीही.

गिअरचं थोडक्यात. पुढे जायला दोन, मागे जायला एक, आणि प्लॅनेटरी पद्धत. म्हणजे दात एकमेकांत नेहमी अडकलेलेच असतात, पट्टा आवळला की गिअर पडतो. नवख्याच्या हातून दात खरडायची भीती नाही. पट्टे झिजतात, वेळच्या वेळी आवळावे लागतात, पण ते घरी बसून करता येतं. पुढे फोर्डच्या मॉडेल टी मध्ये हीच पद्धत लाखो लोकांनी वापरली.

दांड्याने वळवण्याचं मात्र समर्थन करणार नाही. होडीचं सुकाणू असतं तसा तो प्रकार. सपाट रस्त्यावर मजेत चालतो, पण पुढचं चाक दगडाला लागलं की हिसका थेट हातात. वेग वाढला तसा तो धोकादायक ठरला. पॅकार्डने लवकरच तो सोडला, 1901 च्या मॉडेल सी वर गोल स्टिअरिंग आहे. आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. इंजिनाचा वेग पायाने कमी-जास्त करायची सोयही पॅकार्डने फार लवकर, मॉडेल बी वर दिली. आज आपल्याला वाटतं अ‍ॅक्सिलरेटर पायातच असणार, अजून कुठे? तेव्हा तो बहुधा हातात असायचा. ठिणगीचा दांडा, पेट्रोलचा दांडा, वळवायचा दांडा, गिअरचा दांडा, ब्रेक. एवढ्याला माणसाचे हात पुरायचे कसे? पॅकार्डवाले एकेक दांडा कमी करत गेले.

या गाड्या कुणी घेतल्या, त्यावरूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. 1900 च्या सप्टेंबरात भावांनी ओहायो ऑटोमोबाइल कंपनी रीतसर काढली. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हे आपल्या गाड्या घेऊन गेले. रॉकफेलर घराण्यातल्या विल्यम रॉकफेलरने दोन घेतल्या. एका खेड्यावजा गावातल्या, नुकत्याच निघालेल्या कंपनीला याहून मोठी जाहिरात कुठली? 1901 मध्ये ओल्डस्मोबाइलची हलकी गाडी 650 डॉलरला मिळत होती आणि पॅकार्डची किंमत त्याच्या दुपटीच्या आसपास. तरी माणसं घेत होती.

जाहिरातीचं ते गाजलेलं वाक्यही याच दिवसांतलं, 1901 चं. कुणी तरी पत्र लिहून विचारलं की तुमच्या गाडीबद्दल माहिती पाठवा. कंपनीकडे छापील माहितीपत्रक नव्हतं. वॉर्ड म्हणाला, त्याला कळवा, "ज्याच्याकडे आहे त्यालाच विचार." हे वाक्य कंपनीने पुढे अर्धशतकाहून जास्त काळ वापरलं. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मीही हेच सांगतो. दलालाला विचारू नका, मिस्त्रीलाही विचारू नका, ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जाऊन चहा घ्या.

डेट्रॉइटचा हेन्री जॉय असाच चहा न घेताच पटला. रेल्वेच्या धंद्यातल्या गडगंज घरातला मुलगा. न्यूयॉर्कमध्ये तो आपल्या मेव्हण्याबरोबर गाड्या बघत हिंडत होता. तेवढ्यात आगीचा बंब गेला आणि कडेला उभ्या दोन पॅकार्ड गाड्यांच्या मालकांनी हँडलचा एकेक फेरा मारला आणि ते बंबामागे निघूनही गेले, असं सांगतात. ही गोष्ट थोडी गोळीबंद आहे हे मलाही कळतं. पण मिस्त्री म्हणून मला ती पटते, कारण गाडी विकत घेणाऱ्याला हॉर्सपॉवर कळत नाही, गाडी एका फेऱ्यात सुरू झालेली कळते. जॉयने पॅकार्ड घेतली, मग कंपनीत पैसा घातला, मित्रांनाही घालायला लावला. 1902 च्या ऑक्टोबरात नाव बदलून पॅकार्ड मोटार कार कंपनी झालं, आणि 1903 मध्ये बिऱ्हाड डेट्रॉइटला हललं. वॉरनमध्ये एकूण सुमारे चारशे गाड्या बनल्या असतील.

आता 1903 च्या उन्हाळ्यातली शर्यत, कारण त्यात विन्टन पुन्हा भेटतो. सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क मोटारीने जाता येतं का, असा प्रश्न होता. पश्चिमेला रस्ते असे नव्हतेच, वाळवंट आणि डोंगर. 23 मे रोजी होरेशिओ जॅक्सन नावाचा डॉक्टर एक मिस्त्री सोबत घेऊन निघाला, वाटेत एक कुत्राही सामील झाला. गाडी विन्टन, दोन सिलिंडर, 20 हॉर्सपॉवर. 26 जुलैला तो न्यूयॉर्कला पोचला. देश ओलांडणारी पहिली मोटार हा मान विन्टनचा, त्याबद्दल वाद नाही.

20 जूनला पॅकार्डही निघाली होती. मॉडेल एफ, एकच सिलिंडर, 12 हॉर्सपॉवर. पुढे तिला 'ओल्ड पॅसिफिक' म्हणू लागले. चालवायला कंपनीचाच माणूस टॉम फेच, सोबत मारियस क्रारुप नावाचा पत्रकार कॅमेरा घेऊन. यांनी मुद्दाम अवघड वाट धरली, नेवाडा, युटा आणि कोलोरॅडोचे डोंगर. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून जाड कापडाच्या लांब पट्ट्या बरोबर. पुढे अंथरायच्या, गाडी त्यावरून न्यायची, मागच्या गोळा करून पुन्हा पुढे. आपल्याकडे नदीच्या वाळूत ट्रक रुतला की पोती घालतात तसंच. चढासाठी एक जादा जड गिअर बसवलेला. 21 ऑगस्टला ते न्यूयॉर्कमध्ये शिरले. त्यांना लागले 61 दिवस, विन्टनला 63 आणि वर काही तास. निम्म्याच्या जवळपास ताकद, निम्मे सिलिंडर, वाट अधिक खडतर आणि तरी दोन दिवस कमी. पाच वर्षांपूर्वी घोड्यांनी ओढून आणलेल्या त्या गाडीचा हिशेब वॉर्डने असा फेडला.

इतकं करून त्याच वेळी कंपनीने एक सिलिंडरवर पाणी सोडायला घेतलं होतं. वॉर्डचा जीव एका सिलिंडरमध्ये गुंतलेला. त्याचं म्हणणं साधं होतं: जितके भाग जास्त, तितकी बिघडायची ठिकाणं जास्त. 1902 मध्ये दोन सिलिंडरची मॉडेल जी काढून बघितली, पण तशा चारच बनल्या. जॉयला चार सिलिंडर हवे होते, आणि धंद्याच्या हिशेबाने जॉय बरोबर होता. युरोपातून येणाऱ्या चार सिलिंडरच्या गाड्या गुळगुळीत पळत होत्या. दोन-अडीच हजार डॉलर मोजणाऱ्या बाईला टोपी धडधडत ठेवून गावातून फिरायचं नसतं. फ्रान्सहून आलेल्या चार्ल्स श्मिटने 1903 मध्ये चार सिलिंडरची मॉडेल के बनवली. ती इतकी महाग होती की फारशी खपली नाही. मग 1904 ची मॉडेल एल आली, चार सिलिंडर आणि 3000 डॉलर. रेडिएटरच्या वरच्या कडेला बैलाच्या जोखडासारखा बाक असतो, पॅकार्डची ती खूण इथून सुरू झाली. संस्थानिकांच्या ज्या गाड्या तुम्ही म्हणता, त्यांच्या तोंडावरही तोच बाक आहे. माझ्याकडे आलेल्या आठ सिलिंडरच्या गाडीवरही होता. पॉलिश करताना पोरं त्याला 'जू' म्हणायची, आणि कोणी शिकवलेलं नव्हतं.

वॉर्ड नावाला 1909 पर्यंत अध्यक्ष राहिला, पण डेट्रॉइटला राहायला गेला नाही, वॉरनमध्येच थांबला.

राहता राहिलं, या गाड्या बघायच्या कुठे? वॉरनमध्ये पॅकार्डचं संग्रहालय आहे. पण पहिली मॉडेल ए तिथे नाही. ती पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला, वॉर्डच्या लीहाय विद्यापीठात आहे, त्याच्याच देणगीतून उभ्या राहिलेल्या पॅकार्ड प्रयोगशाळेच्या इमारतीत. तुमचं कुणी त्या बाजूला शिकायला असेल तर त्यांना सांगा, समोरून फोटो काढून नुसता टांगा दिसेल. गुडघ्यावर बसून सीटखालून काढा. ठिणगीची व्यवस्था कशी बसवली आहे ते मला अजून नीट बघायला मिळालेलं नाही. फोटो आला तर मलाही पाठवा.